सीडी ‘बर्न’ करताना वेग किती असावा?

घरातल्या कपाटात जपून ठेवलेल्या कॅसेटवरील गाणी सीडीवर उतरवून घेण्याची एक लाटच २००० सालानंतरच्या काही वर्षांत शहरांमधून आली होती. सीडी रायटर मध्यमवर्गीयांच्या संगणकात येऊन बसला, कोऱ्या सीडी पन्नास-पन्नासच्या चळतीने मिळू लागल्या आणि कुणी नाट्यसंगीताचा, कुणी घरगुती मैफलींचा, तर कुणी आजोबांच्या आवाजातील कीर्तनाचा ठेवा चकचकीत तबकडीवर उतरवला. अनेकांनी त्यानंतर मूळ कॅसेट टाकूनही दिल्या.

त्याच सुमारास एक सल्ला सर्वत्र ऐकू येऊ लागला : ‘सीडी सावकाश बर्न करा, म्हणजे आवाज चांगला येतो.’ ५२ एक्स वेगाने केलेल्या सीडीतून सूर पातळ येतो, १ एक्सने केलेल्या सीडीतून तो भरदार येतो, असे ठामपणे सांगणारे श्रोते आजही भेटतात. दुसरीकडे, संगणक म्हणजे शून्य आणि एकचा कारभार, तिथे वेगाने काय बिघडणार, असे म्हणून हा सल्ला हसण्यावारी नेणारेही आहेत. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे आणि थोडा गैरसमजही. ज्यांच्या घरी अशा जुन्या सीडी आहेत किंवा ज्यांना अजूनही गाडीतील वा दिवाणखान्यातील प्लेअरसाठी सीडी तयार करायची आहे, त्यांनी हा विषय नीट समजून घेणे हिताचे आहे.

‘एक्स’ म्हणजे काय?

फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ‘रेड बुक’ या नावाने ओळखले जाणारे ऑडिओ सीडीचे मानक १९८० मध्ये निश्चित केले आणि १९८२ मध्ये सीडी प्रत्यक्ष बाजारात आली. या मानकानुसार ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप घेतले जाते. प्रत्येक मोजमाप १६ बिटचे असते आणि डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांसाठी ते स्वतंत्रपणे नोंदवले जाते. याचा हिशेब केला तर सेकंदाला १,७६,४०० बाइट इतकी माहिती होते. गाणे ऐकताना प्लेअर ज्या गतीने ही माहिती वाचतो, ती गती म्हणजे १ एक्स.

साहजिकच १ एक्स वेगाने ८० मिनिटांची सीडी लिहायला ८० मिनिटे लागतात. १६ एक्सला त्याच कामासाठी पाच मिनिटे पुरतात. आरंभीची आणि शेवटची नोंद धरून सहा मिनिटे म्हणावीत. मात्र ५२ एक्सचा अर्थ ८० भागिले ५२, म्हणजे दीड मिनिट, असा होत नाही. सीडीवरील माहिती आतून बाहेर जाणाऱ्या एका सलग सर्पिल रेषेत लिहिलेली असते. तबकडी ठराविक फेऱ्यांनी फिरत असेल तर आतल्या भागात रेषा लेझरखालून हळू सरकते आणि कडेला वेगाने. वेगवान ड्राइव्हवर छापलेला ‘५२’ हा आकडा केवळ बाहेरच्या कडेला गाठता येणारा कमाल वेग असतो. आतल्या भागात तो याच्या निम्म्याहूनही कमी असतो. त्यामुळे प्रत्यक्षात पूर्ण सीडीला अडीच ते तीन मिनिटे लागतात. १६ एक्सच्या तुलनेत वाचतात ती जेमतेम तीन मिनिटे.

या तीन मिनिटांसाठी तबकडीला काय सोसावे लागते, हेही पाहण्यासारखे आहे. साधे गाणे वाजताना सीडी आतल्या बाजूला मिनिटाला सुमारे ५००, तर कडेला सुमारे २०० फेरे घेते. ५२ एक्सच्या ड्राइव्हमध्ये हेच फेरे दहा हजारांच्या घरात जातात. तबकडी किंचित जरी असंतुलित असेल, तिच्यावर कागदी लेबल तिरपे चिकटवलेले असेल, तर या वेगाला तिची थरथर वाढते आणि लेझरला नेमक्या रेषेवर राहणे अवघड होते.

तबकडीवर नेमके काय लिहिले जाते?

कारखान्यात छापलेल्या सीडीवर सूक्ष्म खळगे ठसवलेले असतात. घरी लिहिता येणाऱ्या सीडी-आरमध्ये असे खळगे नसतात. तिथे पॉलिकार्बोनेटच्या तबकडीवर सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर, त्यावर परावर्तनासाठी चांदीचा किंवा सोन्याचा थर आणि सर्वांत वर लाखेचे आवरण असते. रायटरचा लेझर या रंगद्रव्यावर नेमक्या ठिकाणी उष्णता देतो. तिथला थर बदलतो आणि वाचणाऱ्या लेझरला तो भाग खळग्यासारखाच काळपट दिसतो. ‘बर्न करणे’ हा शब्दप्रयोग त्यावरूनच आला.

शून्य आणि एक येथे थेट लिहिलेले नसतात, ही गोष्ट महत्त्वाची आहे. माहितीचे आधी सांकेतिक रूपांतर होते आणि मग ती नऊ वेगवेगळ्या लांबीच्या खुणांमध्ये व त्यांच्यामधील मोकळ्या जागांमध्ये साठवली जाते. सर्वांत आखूड खूण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, सुमारे ०.८३ मायक्रॉन लांबीची असते, तर सर्वांत लांब खूण तीन मायक्रॉनहून थोडी अधिक. प्लेअर या खुणांच्या कडा कधी येतात, हे मोजून माहिती ओळखतो. म्हणजे नोंद जरी अंकीय असली, तरी ती तबकडीवर उमटते ती लांबी, काळपटपणा आणि कडांची धार अशा भौतिक गुणांच्या रूपात. खुणा आखूड-लांब झाल्या किंवा त्यांच्या कडा अस्पष्ट राहिल्या, तर वाचताना चूक होऊ शकते. ‘शून्य आणि एकमध्ये काय बिघडणार’ असे म्हणणाऱ्यांच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट निसटते. बर्निंगचा वेग परिणाम करतो तो येथे.

वेग वाढला की प्रत्येक खूण लिहायला लेझरला मिळणारा वेळ कमी होतो. म्हणून त्याला अधिक शक्तीने, अधिक नेमक्या क्षणी पेटावे-विझावे लागते. त्याची तयारी ड्राइव्ह आधी करून घेतो. कोऱ्या सीडीवर मुळातच एक नागमोडी खाच असते आणि तिच्यात तबकडीचा निर्माता, तिची क्षमता, तिला मानवणारी लेझरशक्ती यांची माहिती सांकेतिक रूपात दडलेली असते. ड्राइव्ह ती वाचतो, तबकडीच्या अगदी आतल्या राखीव जागेत वेगवेगळ्या शक्तीने लिहून पाहतो आणि त्यावरून योग्य शक्ती ठरवतो. प्रत्येक प्रकारच्या तबकडीवर कसे लिहायचे, याचे आडाखेही ड्राइव्हच्या अंतर्गत प्रणालीत साठवलेले असतात.

चुकांची दुरुस्ती

कोणतीही सीडी चुकांविना नसते. दुकानातून आणलेल्या नव्याकोऱ्या सीडीतही दर सेकंदाला काही चुका होतच असतात आणि त्या ऐकू येत नाहीत. याचे कारण सीडीच्या मानकातच चुका दुरुस्त करण्याची एक भक्कम व्यवस्था अंतर्भूत आहे. ध्वनीच्या प्रत्येक २४ बाइटमागे पडताळणीसाठी ८ जादा बाइट लिहिले जातात. शिवाय लागोपाठचे बाइट शेजारी शेजारी न ठेवता दूरवर विखरून लिहिले जातात. त्यामुळे एखादा चरा पडला तरी एकाच क्षणाची सगळी माहिती नष्ट न होता अनेक क्षणांतील थोडी थोडी माहिती जाते आणि ती उरलेल्या माहितीवरून गणिताने तंतोतंत परत मिळवता येते. या पद्धतीने रेषेवरील सुमारे अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतचे नुकसान पूर्णपणे भरून निघू शकते.

ही दुरुस्ती दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात सापडणाऱ्या चुकांना ‘सी-१’, तर दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचणाऱ्या चुकांना ‘सी-२’ म्हणतात. सेकंदाला वाचल्या जाणाऱ्या ७,३५० गटांपैकी सदोष गटांची दहा सेकंदांतील सरासरी २२०च्या वर जाऊ नये, अशी मानकाची मर्यादा आहे. चांगल्या तऱ्हेने लिहिलेल्या सीडीत ही संख्या बरीच कमी असते. दुसऱ्या टप्प्यावरही चूक सुटली नाही, तर प्लेअर आजूबाजूच्या मोजमापांवरून मधले मोजमाप अंदाजाने भरतो आणि तेही शक्य नसेल तर क्षणभर आवाज बंद करतो.

येथेच संगीताची सीडी आणि डेटा सीडी यांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो. सेकंदाला ७५ या हिशेबाने सीडीवर खंड असतात आणि प्रत्येक खंडात २,३५२ बाइट मावतात. संगीताच्या सीडीत हे सर्व बाइट ध्वनीसाठी वापरले जातात. डेटा सीडीत मात्र २,०४८ बाइटच माहितीसाठी असतात आणि उरलेल्या ३०४ पैकी २७६ बाइट दुरुस्तीच्या आणखी एका थरासाठी खर्ची पडतात. हिशेबाच्या फायलीत एक आकडा चुकून चालत नाही. गाण्यात ४४,१०० पैकी एखादे मोजमाप अंदाजाने भरले तर कानाला कळत नाही, असा विचार यामागे आहे. एकाच ७०० एमबीच्या तबकडीवर ८० मिनिटांचे, म्हणजे ८४ कोटी बाइटहून अधिक संगीत कसे मावते, याचे उत्तर यातच आहे. पण याचा अर्थ असाही होतो, की वाईट बर्निंगचा फटका डेटा सीडीपेक्षा संगीताच्या सीडीला लवकर बसतो.

सूर खरेच पातळ होतो का?

वरील विवेचनावरून मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. सीडीवरील चुका दुरुस्त होतात तोवर प्लेअरच्या हाती येणारी माहिती मूळ माहितीशी तंतोतंत जुळते, मग ती ४ एक्सने लिहिलेली असो वा ५२ एक्सने. दुरुस्ती अपुरी पडली की बिघाड ऐकू येतो. पण तो टिचकीसारखा आवाज, खरखर, क्षणभराची शांतता, गाणे अडकणे किंवा पुढे उडी मारणे या रूपात. तंबोऱ्याची आस कमी होणे, तबल्याच्या बायाँचा घुमारा घटणे, स्वर ‘पातळ’ किंवा ‘कर्कश’ होणे हे परिणाम अशा चुकांतून उद्भवत नाहीत. स्वराचा पोत बदलायचा तर हजारो मोजमापे एका विशिष्ट शिस्तीत बदलावी लागतील. तबकडीवरच्या चुकांना अशी शिस्त नसते.

मग अनेक जाणकार श्रोत्यांना दोन सीडींत फरक का जाणवतो? त्याची कारणे बहुधा वेगाबाहेर असतात. काही बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये सर्व गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणण्याचा पर्याय असतो. तो एकदा चालू आणि एकदा बंद राहिला, तर दोन्ही सीडींचा आवाज खरोखरच वेगळा होतो आणि किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक भरदार वाटतो. कधी एका सीडीसाठी मूळ ध्वनिमुद्रण, तर दुसरीसाठी त्याची एमपीथ्री प्रत वापरलेली असते. शिवाय कोणती सीडी सावकाश केली आहे, हे आधी ठाऊक असले की ती चांगली ऐकू येईल अशी मनाची तयारी झालेली असते. सीडी कोणती, हे न सांगता लागोपाठ ऐकवून पाहणे, हीच अशा वेळी खरी कसोटी.

‘जिटर’चा मुद्दा

या वादात ‘जिटर’ हा शब्द हमखास येतो आणि बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टी त्यात एकत्र केल्या जातात. तबकडीवरील खुणांच्या कडा अपेक्षित जागेपासून पुढे-मागे होणे, हा एक जिटर. बर्निंगच्या वेगाचा त्याच्याशी थेट संबंध आहे आणि तो वाढला की वाचनातील चुका वाढतात. अंकीय माहितीचे ध्वनिलहरीत रूपांतर करताना मोजमापांच्या काळात होणारी सूक्ष्म चलबिचल, हा दुसरा जिटर. तो आवाजाच्या गुणवत्तेवर परिणाम करू शकतो, पण त्याचा उगम प्लेअरच्या घड्याळात असतो. प्लेअर तबकडीवरून आलेली माहिती आधी स्मृतीत साठवतो आणि मग स्फटिकाच्या घड्याळाच्या तालावर ती पुढे पाठवतो. त्यामुळे चांगल्या बनावटीच्या प्लेअरमध्ये पहिला जिटर दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

तरीही खुणा जितक्या रेखीव तितके वाचन सोपे, हे खरेच आहे. यामाहा कंपनीने २००२ मधील आपल्या ‘सीआरडब्ल्यू-एफ१’ या रायटरमध्ये याच विचारातून ‘ऑडिओ मास्टर’ नावाची सोय दिली होती. त्यात खुणा नेहमीपेक्षा लांब लिहिल्या जात. त्याची किंमत म्हणून ७४ मिनिटांच्या सीडीवर ६३ मिनिटांचेच संगीत मावत असे. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, यामाहा या व्यवसायातून बाहेर पडली. सीडी रायटर तोवर इतके स्वस्त झाले होते, की अशा सोयींसाठी जादा पैसे मोजणारे ग्राहक थोडेच उरले होते.

सर्वांत सावकाश म्हणजे सर्वोत्तम नव्हे

‘१ एक्सवर बर्न करा’ हा सल्ला मुळात चुकीचा नव्हता. तो जुना झाला होता. १९९० च्या दशकातील रायटर आणि तबकड्या १, २ किंवा ४ एक्ससाठीच बनवलेल्या होत्या. त्या काळी संगणकाकडून रायटरला माहितीचा पुरवठा क्षणभर जरी खंडित झाला, तरी लेखन अर्ध्यावर तुटे आणि तबकडी वाया जाई. वेग कमी ठेवला की हा धोका कमी होई. सान्यो कंपनीने २००० मध्ये ‘बर्न-प्रूफ’ हे तंत्र आणले. पुरवठा खंडित झाल्यास थांबून, नंतर त्याच बिंदूपासून पुढे लिहिण्याची सोय त्यामुळे झाली. पुढे अशा सोयी सर्वच ड्राइव्हमध्ये आल्या आणि सावकाश लिहिण्याचे ते कारण उरले नाही.

दरम्यान तबकड्याही बदलल्या. ४८ किंवा ५२ एक्सचा शिक्का असलेल्या सीडीवरील रंगद्रव्याचा थर अल्प काळात तापून बदलेल अशा बेताने बनवलेला असतो. तिच्यावर १ किंवा २ एक्सने लिहिताना लेझर एकाच जागी फार वेळ रेंगाळतो, उष्णता आजूबाजूला पसरते आणि खुणांच्या कडा बिघडू शकतात. ड्राइव्हच्या आडाख्यांतही इतक्या कमी वेगासाठी फारशी तयारी केलेली नसते. त्यामुळे अशा सीडीवर अतिशय कमी वेगाने लिहिले असता चुका घटण्याऐवजी वाढलेल्याही दिसतात. कमाल वेगाला थरथर आणि कडेच्या भागातील घाई यांचा त्रास, तर किमान वेगाला हा उष्णतेचा. म्हणूनच ४८ ते ५२ एक्सच्या सीडीसाठी १६ ते २४ एक्स हा मधला वेग सामान्यतः सुरक्षित मानला जातो. ८ किंवा १६ एक्सचा शिक्का असलेली जुनी तबकडी हाती आली, तर ती अर्थातच तिच्या मर्यादेतच, ४ ते ८ एक्सने लिहावी. लॅपटॉपसाठीच्या बारीक ड्राइव्हचा कमाल वेग मुळातच २४ एक्स असल्याने तिथे हा प्रश्न फारसा उद्भवत नाही.

वेगाइतकेच महत्त्व तबकडी आणि ड्राइव्ह यांच्या जोडीला आहे. सीडी-आरमध्ये प्रामुख्याने तीन प्रकारची रंगद्रव्ये वापरली गेली. जपानच्या तैयो युडेन कंपनीने प्रचारात आणलेले सायनिन, मित्सुई कंपनीशी जोडले गेलेले थॅलोसायनिन आणि मित्सुबिशी केमिकलचे गडद निळे अ‍ॅझो. एका ड्राइव्हला एक मानवते, दुसऱ्याला दुसरे. तैयो युडेनने २०१५ मध्ये हे उत्पादन थांबवले, तर भारतात घरोघरी पोहोचलेल्या मोजर बेअर कंपनीच्या विसर्जनाचा आदेश २०१८ मध्ये निघाला. वेष्टनावरचे नाव आणि तबकडीचा प्रत्यक्ष निर्माता एकच असेल, असेही नसते. म्हणून मोठी चळत घेण्याआधी दोन-चार तबकड्यांवर प्रयोग करून पाहणे श्रेयस्कर.

पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू संगीतासाठी वापरणे मात्र टाळावे. सीडी-आर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ६५ टक्के किंवा अधिक प्रकाश परत पाठवते, तर सीडी-आरडब्ल्यू केवळ १५ ते २५ टक्के. जुन्या प्लेअरना तेवढ्यावर वाचणे जमत नाही.

गुणवत्ता ठरते ती आधीच

वेगाची चर्चा करताना एक गोष्ट मागे पडते. कॅसेटवरून केलेल्या सीडीचा दर्जा बर्निंगच्या वेळी ठरत नाही, तो ध्वनी संगणकात घेताना ठरतो. कॅसेट डेकचे हेड स्वच्छ नसेल, त्याचा फितीशी असलेला कोन मूळ मुद्रणाशी जुळत नसेल, तर वरच्या पट्टीतील स्वर मंद येतात. ध्वनिमुद्रणाची पातळी फार वर ठेवली, तर समेवरचा ठेका किंवा तारसप्तकातील तान अंकीय मर्यादेबाहेर जाऊन कापली जाते. कॅसेटवर थोडा जादा आवाज खपून जाई. संगणकात तो खपत नाही आणि कापलेला भाग नंतर परत मिळत नाही. सर्वोच्च आवाज मर्यादेच्या काही डेसिबल खाली राहील, अशी पातळी ठेवावी.

तसेच एमपीथ्री फायलींपासून ऑडिओ सीडी केल्याने गेलेले तपशील परत येत नाहीत. सीडी प्लेअरवर वाजते एवढाच काय तो फायदा.

शास्त्रीय संगीताच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. अनेक सॉफ्टवेअर दोन गाण्यांमध्ये दोन सेकंदांची शांतता आपोआप घालतात. विलंबित ख्यालातून द्रुतात जाताना मध्येच तंबोरा बंद पडावा, टाळ्यांच्या कडकडाटाचे दोन तुकडे व्हावेत, हा प्रकार त्यातूनच घडतो. यासाठी ‘डिस्क-अ‍ॅट-वन्स’ हा पर्याय निवडावा, म्हणजे लेझर मध्ये न थांबता सबंध सीडी सलग लिहितो, आणि मधली शांतता शून्यावर आणावी. शिवाय सलग मुद्रणाचे भाग पाडताना ते सीडीच्या खंडांच्या सीमेवर, म्हणजे ५८८ मोजमापांच्या पटीत पाडावे लागतात. तसे न केल्यास सॉफ्टवेअर शेवटचा अपुरा खंड शांततेने भरते आणि सांध्यावर टिचकी ऐकू येते. ऑडिओ सीडीसाठी बनवलेल्या बहुतेक संपादन सॉफ्टवेअरमध्ये ही सीमा पाळण्याची सोय असते.

सीडी चांगली झाली, हे कसे ओळखावे?

गाणे लावून पाहणे ही पुरेशी तपासणी नव्हे. दुरुस्तीची व्यवस्था काठावर काम करत असतानाही सीडी सुरेल वाजते आणि वर्षभरानंतर अडखळू लागते. काही ड्राइव्ह आणि त्यांच्यासाठीची सॉफ्टवेअर सी-१ आणि सी-२ चुका मोजून दाखवतात. त्यात सी-१ कमी आणि सी-२ शून्य असणे हे चांगल्या बर्निंगचे लक्षण. ही मोजणी एका ड्राइव्हवरची असते, हे मात्र विसरू नये. दुसऱ्या ड्राइव्हवर आकडे वेगळे येऊ शकतात.

ज्यांच्याकडे अशी सोय नाही, त्यांनी लिहिलेली सीडी पुन्हा संगणकात वाचून घ्यावी आणि मूळ फायलींशी ताडून पाहावी. ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये दोन ध्वनिफायली मोजमापानुसार ताडण्याची सोय आहे. अशा तुलनेत सुरुवातीला वा शेवटी काही मोजमापांचा फरक दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. ऑडिओ सीडीत प्रत्येक खंडाचा काटेकोर पत्ता लिहिलेला नसल्याने प्रत्येक ड्राइव्ह किंचित पुढून किंवा मागून वाचायला सुरुवात करतो. मधल्या भागात फरक नसला, म्हणजे प्रत तंतोतंत आहे.

जुन्या सीडींचे काय?

खरी निकड आहे ती येथे. २००० च्या दशकात घाईने, मिळेल त्या तबकडीवर, कमाल वेगाने लिहिलेल्या सीडी आज वीस वर्षांच्या आसपासच्या झाल्या आहेत. रंगद्रव्य प्रकाशाने आणि उष्णतेने क्षीण होते, दमट हवेने परावर्तक थर खराब होतो. बर्निंगच्या वेळीच चुका मर्यादेच्या काठावर असतील, तर अशा सीडीकडे झीज सोसण्याची शिल्लकच नसते. म्हणजे बर्निंगच्या वेगाचा परिणाम त्या दिवशीच्या सुरावर झाला नसला, तरी तो सूर किती वर्षे टिकेल यावर तो नक्कीच झाला आहे.

अशा सीडी वाजवून पाहत बसण्यापेक्षा त्या आधी संगणकात वाचून घ्याव्यात. आजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये सीडी ड्राइव्ह नसतो, पण यूएसबीने जोडता येणारे ड्राइव्ह उपलब्ध आहेत. वाचताना घाई करू नये. अडखळणारी सीडी कमी वेगाने अनेकदा वाचली जाते आणि एका ड्राइव्हवर न चाललेली सीडी दुसऱ्यावर चालूनही जाते. वाचलेल्या फायली एमपीथ्रीत न बदलता मूळ स्वरूपात किंवा दर्जाची हानी न करणाऱ्या ‘फ्लॅक’सारख्या स्वरूपात ठेवाव्यात आणि त्यांच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात. मूळ कॅसेट अजून शिल्लक असतील, तर त्या टाकू नयेत.

सीडींच्या निगेबाबत अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने २००३ मध्ये एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली होती. चिकटपट्टीची लेबले लावू नयेत, तबकडी डबीत उभी ठेवावी, ती थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी असावी, पुसताना मधून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, अशा सूचना तिच्यात आहेत. लिहायचे असल्यास द्रावकविरहित शाईचे, मऊ टोकाचे पेन वापरावे. सीडीची चकचकीत बाजू अनेक जण जिवापाड जपतात, पण अधिक नाजूक असते ती वरची, नाव लिहायची बाजू. खालून १.२ मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटचे संरक्षण असते. वरून परावर्तक थरावर केवळ लाखेचा पातळ पापुद्रा.

थोडक्यात

- ४८ ते ५२ एक्सच्या कोऱ्या सीडीवर संगीत १६ ते २४ एक्सने लिहावे. कमाल वेग टाळावा आणि १-२ एक्सचा आग्रहही धरू नये.
- वेगामुळे स्वराचा पोत बदलत नाही. वाचनातील चुका आणि सीडीचे आयुष्य बदलू शकते.
- सलग मैफलीसाठी ‘डिस्क-अ‍ॅट-वन्स’ निवडावे, मधली शांतता शून्य ठेवावी.
- आवाजाची पातळी आपोआप बदलणारे पर्याय बंद ठेवावेत.
- लिहून झाल्यावर सीडी पुन्हा वाचून मूळ फायलींशी ताडावी.
- जुन्या सीडींवरील दुर्मीळ ध्वनिमुद्रणे आताच संगणकात उतरवून घ्यावीत. एकदा वाचता न येणाऱ्या अवस्थेला पोहोचलेल्या सीडीतून तो आवाज परत मिळवणे बहुधा शक्य होत नाही.